पणजोबांच्या नोंदीची किंमत
(मंडळाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने मला रेल्वेतल्या नव्या सिग्नल यंत्रणेवर बोलायला सांगितले होते. मी विनंती करून विषय बदलून घेतला. त्याचे कारण २०२५ चा नोव्हेंबर महिना. मतदार यादीच्या विशेष पुनरीक्षणाचे काम आपल्या मध्य प्रदेशात सुरू झाले आणि बीएलओ घरोघरी फॉर्म देऊन गेले. २००३ च्या यादीत तुमचे नाव आहे का, नसेल तर आई-वडिलांचे आहे का, असा प्रश्न आला. त्या महिन्यात सिहोऱ्यातल्या आपल्या मराठी घरांतून जेवढी वंशावळ बोलली गेली तेवढी लग्नाच्या बैठकीतही बोलली जात नाही.

ती २००३ ची यादी निवडणूक कार्यालयाने संकेतस्थळावर फुकट ठेवली होती. मतदान केंद्र ठाऊक असेल तर पाच मिनिटांचे काम. पण आपल्याकडे निम्म्या सुना नागपूर, भंडारा, अमरावतीकडच्या. त्यांच्या आई-वडिलांची नावे आपल्या यादीत कशी असणार? ती महाराष्ट्राच्या जुन्या यादीत. मग माहेरी फोन, तिकडच्या भावाने शोधाशोध करायची, मोबाइलवर फोटो पाठवायचा. यादी फुकट होती, तरी खर्च झालाच. कियोस्कवाल्याने प्रिंटचे घेतले, कोणी एक दिवसाची रजा घातली, कोणी दोन दिवसांची मजुरी सोडली. तेव्हापासून एक प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. आपल्याच बापजाद्यांची सरकारने लिहून ठेवलेली नोंद पाहायला किती पैसे पडावेत आणि ते कोणी द्यावेत?

आता आपली अडचण इतरांपेक्षा जास्त का, ते सांगतो. आपण मराठी माणसे या भागात एका वेळी आलो नाही. गढा-मंडल्याचे गोंड राज्य १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांकडे गेले, १७९८ मध्ये हा मुलूख नागपूरकर भोसल्यांना मिळाला, आणि १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर तो इंग्रजांकडे गेला. काही घराणी त्या कारभाराबरोबर आली आणि इथेच राहिली. त्यानंतरची खेप रेल्वेची. अलाहाबादकडून जबलपूरला १८६७ मध्ये गाडी आली, १८७० मध्ये मुंबईकडचा रस्ता जोडला गेला, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोंदियाहून नॅरोगेज आली. त्या छोट्या लाइनीने भंडारा-बालाघाटकडची कितीतरी माणसे गँगमध्ये, यार्डात, लोको शेडमध्ये आली. तिसरी खेप नोकरदारांची: शाळा, तार ऑफिस, तोफखाना, कचेऱ्या.

कागदांच्या दृष्टीने पाहा. १८६१ पर्यंत जबलपूरचा कारभार वायव्य प्रांताखाली होता, नंतर मध्य प्रांत झाला आणि त्याची राजधानी नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली, नागपूर-विदर्भ तिकडे गेले आणि आपण भोपाळखाली आलो. म्हणजे एकाच घराण्याच्या चार पिढ्यांचे कागद चार ठिकाणी. त्यातही जुने काही फारसी-उर्दूत, बंदोबस्ताचे हिंदीत, घरच्या पेटीतले मोडीत, वरिष्ठ कचेरीतले इंग्रजीत. तालुक्याचेही तेच. महामहोपाध्याय मिराशींच्या शिलालेखांच्या ग्रंथात बहोरीबंद हे सिहोरा तहसिलीतले गाव आहे. आज ते कटनी जिल्ह्यात आहे, आणि कटनी जिल्हाच मुळी १९९८ चा. (सिहोरा जिल्हा कधी होणार हा आजचा विषय नाही, त्यामुळे टाळ्या वाजवू नका. पण झाला तर दप्तर पुन्हा एकदा हलेल, एवढे लक्षात ठेवा.)

एक गंमत सांगतो, म्हणजे ज्याच्यावर बेतते त्याला ती गंमत वाटत नाही. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० आणि जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० या तारखा धरतात. त्या दिवशी तुमचे कुटुंब कुठे राहत होते, याचा पुरावा मागतात. आता ज्याचे आजोबा १९५० मध्ये नागपुरात होते आणि १९५८ मध्ये जबलपूरला बदलून आले, तो काय सांगणार? १९५० मध्ये नागपूर ही मध्य प्रदेशचीच राजधानी होती! आजोबा राज्याबाहेरून आलेच नव्हते, राज्याची हद्दच हलली. पण खिडकीवरच्या बाबूपुढे हा इतिहास सांगून भागत नाही, कागद लागतो.

आपल्या समाजातल्या एका कुटुंबाची हकीकत सांगतो, नाव सांगत नाही. पणजोबा भंडाऱ्याकडून गँगमन म्हणून आले. नात नागपूरच्या कॉलेजात जाणार होती, तिच्यासाठी पणजोबांच्या जातीची जुनी नोंद हवी होती. तिचे वडील आधी ऑनलाइन बसले. एक साइट अगदी सरकारी दिसत होती, तिथे पाचशे रुपये भरले. आठ दिवसांनी कळले की ते कोणा एजंटाचे दुकान होते, नोंद-बिंद काही नाही. मग प्रत्यक्ष गेले. पहिल्या खेपेला रेकॉर्ड रूमचा माणूस रजेवर. दुसऱ्या खेपेला रजिस्टर सापडले, पण ते वर्ष वाळवीने खाल्लेले. तिसऱ्या खेपेला गावच्या शाळेत पणजोबांच्या धाकट्या भावाचे नाव मिळाले. नकलेची सरकारी फी शंभराच्या आत होती. जाणे-येणे, जेवण, दोन रात्री लॉज आणि बुडालेले पगार धरून खर्च नऊ हजारांच्या वर गेला. तो हिशेब मी त्यांच्याबरोबर बसून मांडला आहे. फी स्वस्त आणि नोंद महाग, अशी ही स्थिती आहे.

म्हणून कोणी 'ऑनलाइन करा' म्हटले की मी आधी विचारतो, काय ऑनलाइन करणार? आमच्या खात्यात एक सोपा नियम आहे. चौकशी खिडकीवर पैसे लागत नाहीत. गाडी किती वाजता, कुठल्या फलाटावर, जागा आहे का, हे विचारायला तिकीट लागत नाही. तिकीट प्रवासाला लागते. नोंदींचेही तसेच असावे असे माझे मत आहे. नोंद आहे की नाही, कुठल्या दप्तरात, कुठल्या पानावर, हे शोधणे फुकट असावे. शिक्क्याची, सहीची, न्यायालयात चालणारी नक्कल हवी असेल तर तिची वाजवी फी जरूर घ्या. महाराष्ट्रात डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांना मिळतो आणि बिनसहीचा नुसता पाहायला काही पडत नाही. ही पद्धत मला पटते.

बाहेरच्या जगात सगळीकडे असे नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म-मृत्यू-विवाहाची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ पासून आहे, आपल्यापेक्षा किती व्यवस्थित! सूची ऑनलाइन फुकट पाहता येते, पण दाखल्याला २०१९ मध्ये ११ पौंड होते आणि २०२४ मध्ये साडेबारा झाले. म्हणजे एका पणजोबाला हजाराच्या वर रुपये. वंशावळ करणाऱ्याला असे वीस-तीस दाखले लागतात. १९२१ ची त्यांची जनगणना २०२२ च्या जानेवारीत उघडली, तेव्हा ती एका खासगी कंपनीच्या साइटवर आली. घरटी एका पानाच्या चित्राला साडेतीन पौंड. तिथल्या लोकांनी कुरकूर केली की पैसे सरकारने आमच्या आजोबांच्या करातूनच खर्च केले होते. कंपनीचे म्हणणे असे की तीस हजार खंडांची दुरुस्ती, स्कॅनिंग, अक्षर वाचून टंकणे हे आम्ही केले. दोघांचेही खरे आहे. पण शेजारी आयर्लंड पाहा. १९०१ आणि १९११ ची जनगणना, जुन्या जन्म-मृत्यू-विवाहाच्या नोंदी, सारे मूळ पानाच्या चित्रासकट फुकट. अमेरिकेने १९५० ची जनगणना १ एप्रिल २०२२ ला सर्वांना फुकट खुली केली. म्हणजे पैसा हा एकच प्रश्न नाही, सरकारला काय महत्त्वाचे वाटते तो प्रश्न आहे.

आपल्या जबलपूरच्या जुन्या अँग्लो-इंडियन रेल्वे कुटुंबांची मुले-नातवंडे आज ऑस्ट्रेलियात, इंग्लंडात आहेत. त्यांना ड्रायव्हर पणजोबांचा बाप्तिस्मा आणि लग्न लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दप्तरात सापडते. ते दप्तर २०१४ पासून वर्गणी भरून ऑनलाइन पाहता येते. त्यांना निदान विकत तरी मिळते. त्याच इंजिनावर कोळसा टाकणाऱ्या आपल्या माणसाचे नाव त्या दप्तरात नाही, कारण तिथे चर्चच्या नोंदी आहेत. त्याचे नाव असलेच तर कोटवाराच्या वहीत.

ही कोटवाराची वही म्हणजे आपल्या विषयाचा गाभा. गावात कोणी जन्मले किंवा वारले की कोटवार ठाण्यावर जाऊन सांगे, आणि ती नोंद होई. महाराष्ट्रात तिला कोतवाल बुक म्हणतात. २०२३ च्या सप्टेंबरात कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा ही जुनी पुस्तके, शाळांची रजिस्टरे, जमिनीचे कागद असे सगळे दप्तर उपसले गेले. मोडी वाचणारी माणसे शोधून आणावी लागली. सापडलेल्या नोंदींच्या याद्या आणि स्कॅन कितीतरी जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर टाकल्या, त्याही फुकट. आरक्षणाच्या वादात मी पडत नाही, ते इथे बोलण्याचे ठिकाण नाही. मी इंजिनिअर म्हणून एवढेच पाहतो की जे काम पन्नास वर्षे 'अशक्य, खर्चिक, माणसे नाहीत' म्हणून पडून होते, ते राजकीय गरज पडताच काही महिन्यांत झाले. मग आपल्या जिल्ह्याच्या रेकॉर्ड रूममधले का होऊ नये?

दुसरी बाजूही सांगतो. सगळेच उघडे टाकावे असे मी म्हणत नाही. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात कोणालाही नोंद शोधून तिचा उतारा मागता येतो, पण मृत्यूचे कारण त्या उताऱ्यात देत नाहीत. हे शहाणपणाचे आहे. १९४८ च्या जनगणना कायद्याप्रमाणे तुमच्या घरची माहिती कोणालाच पाहायला मिळत नाही, न्यायालयातही पुरावा म्हणून चालत नाही. त्यामुळे विलायतेसारखी जनगणनेतून वंशावळ काढणे आपल्याकडे शक्य नाही, हे मुलांनी लक्षात घ्यावे. हयात माणसांचे तपशील फुकट मिळाले तर आधी जमीन लाटणारे येतील, नातवंडे नंतर. शंभर वर्षांपूर्वीचे उघडा, अलीकडचे जपून ठेवा, असा काही मध्यम मार्ग हवा.

आपल्याकडे सरकारच्याही आधीची एक व्यवस्था आहे, ती विसरून चालणार नाही. प्रयागला, गयेला, त्र्यंबकेश्वरला, नाशिकला, हरिद्वारला आपल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या. आपण सिहोऱ्याहून गाडीत बसलो की प्रयाग काही तासांवर. अस्थी घेऊन गेलेला माणूस दु:खात असतो, घाईत असतो. गुरुजी गाव आणि आडनाव विचारतात, वही काढतात आणि पाच पिढ्या वाचून दाखवतात. पुढे आपण आपले नाव घालतो, सही करतो. दर लिहिलेला नाही, दक्षिणा. गरिबाने अकरा द्यावे, दुसऱ्याने अकराशे. या वह्यांपैकी पुष्कळांचे अमेरिकेतल्या युटाच्या वंशावळ संस्थेने मायक्रोफिल्मिंग केले आणि आज त्या फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर नुसते खाते उघडून फुकट पाहता येतात. आपल्या आजोबांची सही अमेरिकेतून पाहावी, हे मला जरा चमत्कारिक वाटते, पण त्यांनी केले ते उपकारच. मात्र तिथे नावाने शोध नीट लागत नाही, पाने चाळावी लागतात. वेळ हीच तिथली फी.

आपल्यात काही घराण्यांचे कुलवृत्तांत छापलेले आहेत. जाडजूड ग्रंथ, मागे वंशवृक्षाची घडी. ज्यांच्याकडे ते आहेत त्यांना सरकारी नोंदीची फी दोन रुपये असो की दोनशे, फारसा फरक पडत नाही. पण कुलवृत्तांत कोणाचे निघाले? ज्यांच्या घरात लिहिणारे होते, छपाईला वर्गणी देणारे होते त्यांचे. गँगमनच्या, विणकराच्या, शेतमजुराच्या घराण्याचा कुलवृत्तांत कोणी काढला नाही. त्यांचा कुलवृत्तांत म्हणजे कोटवाराची वही, शाळेचे दाखिल-खारिज रजिस्टर आणि बंदोबस्ताची मिसल. तीच बंद राहिली तर त्यांना पूर्वजच नव्हते असे होईल. म्हणून शोध फुकट हवा असे मी म्हणतो ते हौशी लोकांसाठी नाही.

मॉरिशसमधले आपले मराठी बांधव घ्या. रत्नागिरीकडून गिरमिटवर गेलेल्यांची पाचवी-सहावी पिढी आज तिथे गणपती बसवते. त्यांच्या पूर्वजांच्या आगमनाच्या नोंदी मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपलेल्या आहेत. जहाज, वय, गाव, कधी फोटोसुद्धा. २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू तिथे गेल्या आणि सातव्या पिढीपर्यंत ओसीआय कार्ड मिळण्याची तरतूद जाहीर झाली. म्हणजे मजुराच्या हाताच्या त्या एका नोंदीवर आज नातवंडांच्या नातवंडांचा हक्क उभा आहे. इंग्रजांनी ती नोंद मजूर पळून जाऊ नये म्हणून ठेवली होती, हा भाग वेगळा.

आता करायचे काय, ते थोडक्यात. ऑनलाइन पैसे भरण्याआधी पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन किंवा एनआयसी डॉट इन आहे का पाहा, नसेल तर खिसा बंद. केंद्र सरकारच्या कुठल्याही कार्यालयात, आमच्या रेल्वेतसुद्धा, माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो. नकलेला पानाला २ रुपये, कागद पाहायला पहिला तास फुकट आणि पुढे तासाला ५ रुपये. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला फी नाही. वडील-आजोबा रेल्वेत होते त्यांनी सर्व्हिस रेकॉर्डसाठी हा रस्ता धरावा. जन्मतारीख, मूळ गाव, वारसांची नावे असे पुष्कळ त्यात असते. मात्र जुने रेकॉर्ड ठरावीक मुदतीनंतर नष्ट करतात, तेव्हा लवकर करा. ज्यांना गावाचा जुना संदर्भ हवा त्यांच्यासाठी १९०९ चे नेल्सनचे जबलपूर गॅझेटियर आणि रसेल व आपल्या कटनीचे रायबहादूर हिरालाल यांचे १९१६ चे मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील चार खंड, दोन्ही इंटरनेटवर फुकट आहेत. त्यातली काही मते आज वाचवत नाहीत, पण कोण कुठून आले याचे धागे मिळतात.

आणि मोडी. आपल्या किती घरांत पेटीच्या तळाशी ते कागद आहेत, मला कल्पना आहे. महाराष्ट्राचे पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेते. आपल्यातल्या दोन तरुणांना मंडळाने एका वर्गाला पाठवावे, भाडे आणि राहण्याचा खर्च मंडळाने द्यावा. एका वर्षी लाइटिंग थोडे कमी झाले तरी बाप्पा रागावणार नाही. मी हे कार्यकारिणीपुढे लेखी दिले आहे. खजिनदार साहेब हसत आहेत, म्हणजे नकार नाही असे मी समजतो.

शेवटची सूचना. मंडळाच्या कपाटात आजपासून एक वंशावळ नोंदवही ठेवली आहे. नाव, मूळ गाव, या भागात कोण आणि कधी आले, कागद कोणाकडे आहे, एवढेच रकाने. बायकांची माहेरची नावे आणि गावेही लिहायची आहेत, ती सरकारी कागदात फारशी मिळत नाहीत आणि नोव्हेंबरात त्यांचीच शोधाशोध झाली. जुने कागद उद्या सकाळच्या आरतीला येताना आणा, मी मोबाइलवर फोटो काढून तिथेच परत देईन. कागद कोणीही लॅमिनेट करून आणू नका, चिकटपट्टीही लावू नका. सुती कापडात गुंडाळून सपाट ठेवून आणा. प्रश्न असतील ते आता विचारा, नंतर महाप्रसादाची घंटा होईल.